सॅन दिएगोच्या पियरवर लागलेला पट्टेवाला मासा कुठला? आणि ही 28 इंचाची भानगड काय आहे?

रेवदंडेकर_एसडी

मंडळी, मासे ओळखणारं कुणी आहे का इथे? फोटो टाकला असता पण पोराने काढलाय आणि अर्ध्या फोटोत माझा अंगठा आहे, त्यामुळे लिहूनच सांगतो.

आईबाबा दोन महिन्यांसाठी आलेत रेवदंड्याहून. आईला झू दाखवला, बीच दाखवला, कॉस्टको दाखवलं, तिचं एकच पालुपद, इथं मासळी कुठं मिळते ते दाखव. दुकानातले फिले बघून तिने नाक मुरडलं, डोकं नाही शेपूट नाही, ओळखायचा कसा म्हणे, मेलेल्याचं तोंड तरी बघू द्या. शेवटी रविवारी सकाळी शेल्टर आयलंडच्या पियरवर, म्हणजे पाण्यात गेलेल्या धक्क्यावर, घेऊन गेलो सगळ्यांना. ऑफिसात एकाने सांगितलं होतं की पब्लिक पियरवर लायसन लागत नाही म्हणून बिनधास्त गेलो, दोन रॉड, एक बादली, गोठवलेली कोळंबी आणि थोडे स्क्विडचे तुकडे.

तास दीड तास काहीच नाही. मग एक लागला, 11 इंचाचा असेल, पाठ हिरवट राखाडी, अंगावर बारीक तिरक्या नागमोडी रेषा, पंख पिवळसर आणि हनुवटीखाली एकच आखूड मिशी. हातात धरल्याबरोबर पोटातून कुर्र कुर्र आवाज काढायला लागला, पोरगं घाबरून मागे सरकलं आणि आई बाकावरून बसल्या बसल्या म्हणाली, "अरे ढोमा हाय तो, टाक बादलीत." टाकला.

थोड्या वेळाने दुसरा लागला, हा मोठा, 13 इंचाच्या आसपास. चंदेरी, पाठीला निळसर झाक, अंगावर चार की पाच उभे काळपट पट्टे, मिशी नाही, तोंड मोठं आणि खालचा जबडा जरा पुढे आलेला. आईने हातात घेतला, उलटा केला, पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाली हा पण त्यांच्यातलाच. एवढ्यात शेजारचे एक म्हातारे काका, बहुतेक फिलिपिनो असावेत, आपली रॉड टाकून धावत आले, "सीबास! सीबास! ट्वेंटी एट!" आणि समुद्राकडे हात. मला आधी वाटलं यांनाच पाहिजे असेल मासा. त्यांच्या रॉडवर चिकटपट्टीच्या खुणा केलेल्या होत्या, त्यातली एक दाखवून मान हलवत होते, आणि मला काही कळत नाहीये बघून शेवटी त्यांनी दोन्ही मनगटं जोडून बेड्या घातल्याचा अभिनय केला. ते मात्र लगेच कळलं. सोडून दिला.

आता प्रश्न. एक, तो मासा नक्की कुठला? दोन, सीबास म्हणजे आपला जिताडाच ना? कारण जिताडा हातात येऊन सोडला हे गावाला कळलं तर मला गणपतीला यायची सोय राहणार नाही. तीन, 28 इंच हा खरंच नियम आहे की काकांनी मला बनवलं? आणि चार, पियरच्या शेजारी जे दगड टाकलेत किनाऱ्याला, तिथे गर्दी कमी असते, तिथून गळ टाकला तर चालतं का लायसनशिवाय?

आई रविवारपासून माझ्याशी मोजकंच बोलते आहे.

ओसी_गोलंदाज

बनवलं तुम्हाला काकांनी. पट्टेवाला चंदेरी, 12-13 इंच, तो सी ट्राउट. आम्ही लाँग बीच साइडला उन्हाळ्यात भरपूर काढतो, रवा लावून तळायला एक नंबर. साइझ लिमिट वगैरे काही नाही त्याला, निदान मी तरी कधी ऐकलं नाही आणि मी सहा वर्षं जातोय. पुढच्या वेळी गुपचूप बादलीत टाकायचा.

पावभाजी_आणि_पॅसिफिक

ट्राउट नाही हो, उभे पट्टे म्हणजे बार्ड सँड बास. नावातच पट्टे आहेत. त्याला 14 इंच लागतात. म्हणजे 13 चा सोडला ते बरोबरच केलं, फक्त काकांचा आकडा चुकला, ट्वेंटी एट नाही फोर्टीन. दुप्पट सांगितलं म्हाताऱ्याने.

ला_होयाचा_गळ

दोघांचंही चुकलंय आणि काकांचं शंभर टक्के बरोबर आहे. त्या काकांना पुढच्या वेळी एक कॉफी पाजा.

तो व्हाइट सीबासचं पिल्लू होता. सदर्न कॅलिफोर्नियात सगळ्यात जास्त चुकीचा ओळखला जाणारा मासा बहुतेक हाच असेल, कारण लहानपणी तो मोठेपणीसारखा दिसतच नाही. लहान असताना अंगावर उभे काळे पट्टे असतात, वाढला की पट्टे पुसट होत जातात आणि मग तो राखाडी-निळा पाठीचा, चंदेरी पोटाचा लांबलचक मासा होतो. मोठा म्हणजे केवढा, तर वर्ल्ड रेकॉर्ड 83 पौंडांचा आहे, 1953 साली मेक्सिकोत सॅन फेलिपेला धरलेला. तुमच्या हातात होतं ते त्याचं बालवाडीतलं पोर.

सी ट्राउट हे त्याच पिल्लाचं जुनं बोलीतलं नाव आहे. पियरवरचे जुने लोक पट्टेवाल्या छोट्या सीबासला सी ट्राउट म्हणायचे आणि वेगळाच मासा समजून बादल्या भरून न्यायचे, त्यामुळे गोलंदाज भाऊ, तुम्ही जे सहा वर्षं तळताय त्याबद्दल इथे फार लिहू नका एवढंच सांगतो.

आता सँड बास का नाही ते. घरी बसून वर्णनावरून सांगायचं तर एवढंच पुरे होतं की आईंनी तो मासा ढोम्याच्या जातीतला म्हणून ओळखला, पण पुढच्या वेळी स्वतः बघायचं असेल तर शेपटीच्या पुढे पोटाखालचा जो पंख असतो त्याचे काटे मोजा. खऱ्या बासला, म्हणजे सँड बास, केल्प बास वगैरेंना, तिथे तीन काटे असतात. ढोम्याच्या खानदानाला एक नाहीतर दोन. दुसरं, अंगावरून जी बाजूची रेघ जाते ती या खानदानात थेट शेपटीच्या पंखावर टोकापर्यंत जाते, बासची शेपटीच्या मुळाशी थांबते. आणि व्हाइट सीबासची अगदी स्वतःची खूण म्हणजे पोटाच्या मधोमध लांब उंचवटा असतो, बोट फिरवलं की शिवणीसारखा लागतो. इथल्या ढोम्यांपैकी दुसऱ्या कुणालाच तो नाही. तुमच्या आईने पोटावरून बोट फिरवलं ना? त्यांना नाव माहीत नसेल पण हात बरोबर जागी गेला.

एक अजून गोंधळ होतो सॅन दिएगो बेमध्ये, शॉर्टफिन कॉर्व्हिना. तोही चंदेरी, तोही मिशीशिवाय. पण त्याच्या वरच्या जबड्यात पुढे दोन सुळे असतात कुत्र्यासारखे आणि तोंड आतून पिवळं केशरी. सुळे दिसले तर कॉर्व्हिना, नाही दिसले आणि पोटाला शिवण लागली तर सीबास, लगेच पाण्यात.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही, जिताडा नाही. जिताड्याला जगभर एशियन सीबास किंवा बारामुंडी म्हणतात त्यामुळे हा गोंधळ होतो, पण कॅलिफोर्नियाचा व्हाइट सीबास नावापुरताच बास आहे, तो क्रोकर खानदानातला, म्हणजे ढोमा, कोथ आणि घोळ यांचा लांबचा भाऊ. गावाला बिनधास्त जा.

28 इंच खरं आहे. तोंड मिटलेलं ठेवून नाकाच्या टोकापासून शेपटीच्या लांब टोकापर्यंत सरळ रेषेत, अंगाच्या गोलाईवरून टेप फिरवायची नाही, तसं केलं की इंच दीड इंच फुकटचा वाढतो आणि तपासायला येणाऱ्या सरकारी वॉर्डनला तो चालत नाही. 28 इंचाचा मासा साधारण पाच वर्षांचा आणि सातेक पौंडांचा भरतो, म्हणजे पकडला जायच्या आधी त्याने अंडी घातलेली असावीत असा हिशोब आहे. मोठ्यांवरसुद्धा मर्यादा आहे, दिवसाला तीन, आणि पॉइंट कन्सेप्शन या किनाऱ्यावरच्या टोकाच्या दक्षिणेला 15 मार्च ते 15 जून या काळात दिवसाला फक्त एक, कारण तेव्हा ते अंड्यावर केल्पच्या, म्हणजे उंच समुद्री शेवाळाच्या, जंगलात जमतात आणि बोटवाले एकेका जागेवर तुटून पडतात. हे आत्ताचे आकडे, फिश अँड वाइल्डलाइफवाले मधेच बदलतात, त्यामुळे जायच्या आदल्या रात्री त्यांच्या साइटवर एक नजर टाकायची सवय लावा, मीही टाकतो.

पहिला तो कुर्रकुर्रवाला यलोफिन क्रोकर. मिशी एक, पंख पिवळे, तिरक्या रेषा, शंकाच नाही. त्याला साइझ लिमिट नाही, एका दिवसात एका जातीचे जास्तीत जास्त 10 आणि सगळ्या जाती मिळून 20 हा जो सर्वसाधारण नियम आहे तो लागू. कॉर्बिना पण असाच एक मिशीवाला दिसतो पण त्याला त्या खालच्या पंखाला एकच बारका काटा, यलोफिनला दोन, त्यातला दुसरा चांगला जाडजूड. दोन्ही खायला चांगले, दोन्ही विकायला बंदी आहे, म्हणजे बाजारात शोधू नका, गळानेच मिळतात.

लायसनचं रात्री लिहितो, मीटिंग आहे.

वेसाव्याची_होडी

वा, ढोम्यावर धागा! माझं घर कोळीवाड्यात आणि मी शिकलो फिशरीज, त्यामुळे दोन पैसे टाकतो.

काकूंना माझा नमस्कार सांगा. सात समुद्रापलीकडचा मासा बघून खानदान ओळखणं हे पुस्तकाने येत नाही. हा कुर्र आवाज आहे ना तोच या खानदानाचा आधार कार्ड. पोटात हवेची पिशवी असते, तिला लागून खास स्नायू असतात, ते थरथरवून पिशवी ढोलासारखी वाजवतात. आमचे म्हातारे होडीच्या फळीला कान लावून खाली ढोम्याचा थवा आहे का ते ऐकायचे. इंग्रजीत क्रोकर हे नाव त्यावरूनच. आणि डोक्यात दोन पांढरे खडे असतात, इतर माशांनाही असतात पण यांचे चांगले मोठे, आई डोकं फोडून आम्हाला खेळायला द्यायची.

तीच हवेची पिशवी म्हणजे आपल्याकडचं भोत. घोळीचं भोत सोन्याच्या भावाने जातं हे सगळ्यांना माहिती आहे, 2021 मध्ये पालघरच्या मुरब्यातल्या एका मच्छीमाराला एका फेरीत दीडशेच्या वर घोळी मिळाल्या आणि सव्वा कोटीच्या पुढे पैसे झाले होते, पेपरात आलं होतं. पण याच भोताने तिकडच्या एका भावंडाचा घात केलाय. कॅलिफोर्नियाच्या आखातात, मेक्सिकोच्या हद्दीत, टोटोआबा नावाचा मासा आहे, दिसायला व्हाइट सीबाससारखाच, फक्त अंगाने राक्षस. त्याच्या भोतासाठी इतकी जाळी लागली की मेक्सिकोने 1975 मध्ये त्याची मासेमारीच बंद केली, तरी चोरून चालूच राहिली आणि त्या जाळ्यांत अडकून वाकिता नावाचा छोटा डॉल्फिनसारखा प्राणी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरलाय. तुम्ही सॅन दिएगोवाले बॉर्डरच्या अगदी तोंडावर आहात, बाजा साइडला फिरायला गेलात आणि कुणी सुकं भोत दाखवलं तर हात लावू नका, अमेरिकेत आणणं गुन्हा आहे.

आणि ती 28 इंचाची पट्टी काय अमेरिकनांचीच मक्तेदारी नाही बरं का. महाराष्ट्राने पण 2023 मध्ये 54 जातींचे किमान आकार ठरवून दिलेत, पापलेट त्याच वर्षी राज्यमासा झाला. घोळ गुजरातने पळवली, तो त्यांचा राज्यमासा. कागदावर सगळं आहे. ससून डॉकला पहाटे उभं राहिलं तर बोटभर पापलेटं टोपल्याने दिसतात ती गोष्ट वेगळी. 1 जून ते 31 जुलै बंदी तेवढी बऱ्यापैकी पाळली जाते, कारण समुद्रच पाळायला लावतो.

पावभाजी_आणि_पॅसिफिक

मान्य. काटे मोजायचे हे माहीतच नव्हतं, मी आजपर्यंत रंगावरून ठरवत होतो.

पर्जन्यनगरी_रेडमंड

इथे वॉशिंग्टन स्टेटमधून. रंगावरून ठरवणं किती महागात पडतं ते आम्हाला विचारा. आमच्याकडे सगळा कारभार सॅमनचा आणि समुद्रात असताना चिनूक, कोहो, पिंक सगळे चंदेरीच दिसतात. पहिल्या वर्षी मी एडमंड्सच्या पियरवर एक सॅमन काढला, आनंदाने उड्या मारत होतो, शेजारच्या बाईने विचारलं हिरड्या बघितल्यास का. मला वाटलं बाई डेंटिस्ट असणार. तर भानगड अशी, चिनूकच्या खालच्या दातांच्या मुळाशी हिरडी काळी असते आणि कोहोची पांढरट. शेपटीवर ठिपके दोन्ही पात्यांवर असतील तर चिनूक, फक्त वरच्या पात्यावर असतील तर कोहो, आणि पिंकला मोठे मोठे लांबट ठिपके, तो तर इथे विषम सालांतच झुंडीने येतो, 2023 ला आला, 2025 ला आला. एकाच दिवशी एकाच पियरवर एक चालतो आणि दुसरा चालत नाही असं असतं.

त्यावर कडी म्हणजे पाठीवर शेपटीच्या जरा आधी एक छोटा मांसल पंख असतो, तो हॅचरीवाले पिल्लं सोडताना कापून टाकतात. तो पंख नसेल तर हॅचरीचा मासा, असेल तर रानातला, आणि बऱ्याच ठिकाणी रानातला ठेवायचा नाही. ठेवायचा नाही तर पाण्याबाहेर सुद्धा काढायचा नाही, फोटोला पण नाही, जाळीतच ठेवून सोडायचा. गळाला काटेरी टोक चालत नाही, बार्बलेसच लागतो. आणि तुमच्यासारखी पियरची सूट आम्हाला नाही, 15 वर्षं पूर्ण झाली की पियरवर पण लायसन लागतं आणि सॅमन ठेवला की तिथल्या तिथे कॅच कार्डवर नोंद करायची, घरी जाऊन नाही.

माझा तो कोहो निघाला, पण पंख शाबूत. सोडला. बायको गाडीत कढीपत्ता घेऊन बसली होती.

रेवदंडेकर_एसडी

हाहा, कढीपत्ता! आमच्याकडे आई कोकम घेऊन आली होती पियरवर, खोटं नाही सांगत.

ला होया साहेब, खूप आभार, आईला वाचून दाखवलं. जिताडा नव्हता म्हटल्यावर माझी शिक्षा कमी झाली पण ढोम्याचाच भाऊ होता आणि तिने आधीच सांगितलं होतं हे ऐकल्यावर ती आता जास्तच चढलीय. बाबांना म्हणाली बघा, गोऱ्यांच्या सरकारला पण माझंच म्हणणं पटलं. फक्त एक शंका तिची, आणि खरं तर माझीही. एवढा मोठा समुद्र आहे, एक 13 इंचाचं पोर आम्ही खाल्लं तर काय फरक पडणार होता? तिच्या मते लहान मासा चवीला जास्त चांगला असतो, आणि गावाला आम्ही आयुष्यभर तेच खात आलोय.

आणि लायसनचं राहिलंय.

ला_होयाचा_गळ

काकूंचा प्रश्न रास्त आहे, माझ्या सासऱ्यांनी पण हाच विचारला होता.

या माशाची इथे पार वाट लागलेली होती. गेल्या शतकात जाळ्यांनी इतका उपसला की कॅलिफोर्नियाने 1983 मध्ये सरकारी योजना काढून तो हॅचरीत वाढवायला घेतला, 1995 पासून कार्ल्सबादला मोठी हॅचरी आहे. पिल्लं तिथे जन्मतात, मग बंदरांमधल्या तरंगत्या पिंजऱ्यांत हौशी गळवाले फुकट राबून त्यांना वाढवतात आणि वीतभर झाली की समुद्रात सोडतात. प्रत्येकाच्या गालात केसाएवढी बारीक तार घातलेली असते, त्यावर नंबर. म्हणूनच कायदेशीर मापाचा सीबास मिळाला तर डोकं फेकू नका, बोटींच्या धक्क्यांवर आणि गळाला लावायच्या आमिषाच्या दुकानांत त्यासाठी फ्रीझर ठेवलेले असतात, तिथे द्यायचं, ते स्कॅन करून बघतात. मी आजवर तीन डोकी दिलीत, एकातही तार निघाली नाही, हे पण सांगून टाकतो. वीस लाखांच्या वर पिल्लं सोडूनही मोठ्या माशांत हॅचरीचे एक टक्क्याहून कमी निघाले असं त्यांच्याच तपासणीत आलं, त्यामुळे त्या खर्चावर इथे बोटीबोटीवर भांडणं होतात. माझं मत विचाराल तर खरा फरक पडला तो 1990 च्या मतदानाने, लोकांनी किनाऱ्यापासून तीन मैलांत गिल नेट, म्हणजे मासा कल्ल्यात अडकवणारी जाळी, बंद करायचा कौल दिला, 1994 पासून ती जाळी गेली आणि त्यानंतर मासा परत दिसायला लागला.

एका पोराने फरक पडत नाही हे खरंय. पण ही पिल्लं नेमकी बेमध्ये, पियरखाली, गवतात वाढतात, मोठी झाली की बाहेर जातात. म्हणजे ती सगळ्यात सोपी सापडतात ती नेमकी जिथे आपल्यासारखे शे-दोनशे लोक कोळंबी टाकून बसलेले असतात तिथे. रविवारी त्या पियरवर प्रत्येकाने एकेक नेलं तर, हिशोब करा.

आता लायसन. तुमच्या ऑफिसवाल्याने अर्धं सांगितलं. पब्लिक पियरवरून समुद्रात किंवा बेमध्ये गळ टाकायला लायसन लागत नाही, बरोबर, पण बाकी सगळे नियम लागतात, साइझ, नग, सगळं, आणि माणशी दोनच रॉड. आणि पियर म्हणजे कायद्याने ठरवलेला पियर. बंदराच्या अगदी समुद्राकडच्या तोंडाला जो बाहेरचा बांध असतो, जमिनीला जोडलेला आणि सगळ्यांना फुकट जाता येईल असा, तो पण पियरमध्ये धरतात. पण तुम्ही म्हणताय ते शेल्टर आयलंडचे दगड म्हणजे बेच्या आतला किनारा, तो पियर नाही, तिथे पाय ठेवून गळ टाकला की लायसन पाहिजे. दहा पावलांचा फरक आहे पण वॉर्डन नेमके त्या दहा पावलांवरच उभे असतात.

16 वर्षांखालच्या मुलांना कुठेच लायसन लागत नाही, म्हणजे तुमचा मुलगा दगडांवरून खुशाल टाकू शकतो, पण त्याची रॉड तुम्ही हातात घेऊन टाकायला लागलात की मासेमारी तुम्ही करताय. वर्षाचं लायसन साठ-पासष्ट डॉलरला पडतं, आता घेतल्या दिवसापासून 365 दिवस चालतं, पूर्वी 31 डिसेंबरला संपायचं तेव्हा ऑक्टोबरमध्ये घेणाऱ्याचं नुकसान व्हायचं. त्यावर पॉइंट आर्ग्वेल्योच्या दक्षिणेला समुद्रात धरायचं तर ओशन एनहान्समेंटचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो, सात-आठ डॉलर, आणि गंमत म्हणजे तो पैसा याच सीबासच्या हॅचरीला जातो. आईबाबांना हौसेसाठी एक दिवसाचं घेतलं तर त्यावर तो शिक्का लागत नाही. उन्हाळ्यात दोन शनिवार फ्री फिशिंग डे असतात, एक 4 जुलैच्या आसपास, एक लेबर डेच्या आसपास, त्या दिवशी लायसन नसलं तरी चालतं.

आणि कुठे टाकायचा नाही ते पण बघून ठेवा. ला होया कोव्हच्या समोरचं पाणी पूर्ण राखीव आहे, तिथून शिंपला पण उचलायचा नाही. काळा जायंट सी बास 1982 पासून बंद आहे, त्याचं पिल्लू केशरी रंगाचं काळ्या ठिपक्यांचं असतं, अगदी खेळण्यासारखं, पोरं हमखास बादलीत टाकतात. भडक नारिंगी गॅरिबाल्डी पण नाही, तो राज्याचा समुद्री मासा आहे.

सोडताना पियरवरून भिरकावू नका. हात ओले करायचे, गळ खोल गेला असेल तर ओढत न बसता दोरी कापायची, आणि जमलं तर खाली सोडायच्या जाळीत घालून पाण्यापर्यंत उतरवायचा.

तिसऱ्या_वेचणारी

मधेच विचारते, तो यलोफिन खाल्लात का? सॅन दिएगो बेचे मासे खाण्याबद्दल पियरवर बोर्ड असतो बघा, पारा आणि पीसीबी नावाच्या विषारी रसायनांमुळे कुठला मासा आठवड्याला किती वेळा खायचा ते लिहिलेलं असतं, आणि लहान मुलं व मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी वेगळा तक्ता असतो. मी दोघांत मोडते म्हणून वाचते (एक पोटात होतं तेव्हा). लॉस एंजलिसकडे तर जास्तच जपा, सांता मोनिका पियर ते सील बीच पियर या पट्ट्यातला व्हाइट क्रोकर अजिबात खायचा नाही असा सरळ सल्ला आहे, तिथे पालोस व्हर्डेसच्या समुद्रात पूर्वी कारखान्याचं डीडीटी गटारातून वर्षानुवर्षं सोडलेलं आहे ते अजून तळाच्या गाळात आहे. तो पण ढोम्यासारखाच दिसतो आणि बादलीभर लागतो म्हणून सांगितलं. त्या पट्ट्यात सँड बासही त्याच यादीत आहे.

रेवदंडेकर_एसडी

अरे बापरे. बोर्ड होता खरा, आम्ही त्यावर जॅकेटं अडकवली होती.

यलोफिन खाल्ला हो. एकच होता, सहा माणसं. आईने डोकं-शेपटीचं कालवण केलं आणि मधले चार तुकडे तळले, चव ढोम्यासारखीच पण मास घट्ट, आई म्हणाली थंड पाण्याचा आहे म्हणून. डोक्यातले ते दोन खडे पण निघाले, वेसाव्याच्या दादांनी सांगितलं म्हणून शोधले, पोरगं शाळेत घेऊन जाणार आहे.

या शनिवारी परत गेलो होतो. ते काका तिथेच, त्याच जागेवर. कॉफी दिली. आईने त्यांच्या बादलीत डोकावून एकेक मासा हाताने वर करून बघितला, त्यांनी पण बघू दिला, ती मराठीत बोलत होती, ते त्यांच्या भाषेत, मधे मधे दोघं मान डोलवत होते. आम्हाला एक हॅलिबट लागला, चपटा, आपल्या लेपासारखा पण चांगला ताटाएवढा. सगळ्यांचे डोळे चमकले. काकांनी रॉड आडवी धरली, 20 इंच. आईने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी दोन बोटं दाखवली आणि परत दोन बोटं. 22. आईने स्वतःच उचलून जाळीत घातला.

येताना कॉस्टकोमधून एक लांब स्टीलची पट्टी घेतली तिने. रेवदंड्याला न्यायची आहे म्हणे, बाजारातल्या बायकांना दाखवायला.

पर्जन्यनगरी_रेडमंड

22 बरोबर आहे, काका बाप माणूस आहेत.

वेसाव्याची_होडी

पट्टी घेऊन बाजारात गेल्या तर काकूंचा व्हिडिओ नक्की काढा, मी ससून डॉकला पण बोलावतो त्यांना.

ओसी_गोलंदाज

मी सगळं वाचून आत्ता गराजमध्ये जाऊन आलो. खालच्या फ्रीझरमध्ये मागच्या महिन्यातले दोन आहेत, साफ केलेले पण डोक्यासकट. पोटावर बोट फिरवून बघितलं.

शिवण आहे.

फोटो टाकत नाहीये.